कुबिकांच्या गायींचा हिवाळा

ओलाफ स्कोगन यांनी नेब्रास्कातल्या या वाळूच्या टेकड्यांवर कुंपणाची पहिली तार ओढली. त्यांचे पुत्र टॉर्स्टन यांनी त्या तारेआड गायी आणल्या. टॉर्स्टन यांचा एमिल, म्हणजे माझा नवरा, याने दुष्काळातही कळप मोडला नाही. आणि एमिलचा मुलगा लायल, हवाई दलातून निवृत्त झालेला कर्नल, त्या गोठलेल्या सकाळी टॉर्च घेऊन ट्रॅक्टरला प्रदक्षिणा घालत होता.

"टायर, ठीक. तेल, ठीक. पट्टा, ठीक."

कुंपणापलीकडे गायी हंबरत होत्या.

"लायल, तो उडणार नाहीये," मी म्हणाले.

"सवय आहे, आई."

"गायींनाही सवय आहे. वेळेवर खायची."

उभी हयात त्याने सैन्याची मालवाहू विमाने उडवली. एमिल गेला तेव्हा तो गणवेशात आला, शवपेटीला खांदा दिला आणि लगेच परत गेला. कुठेतरी युद्ध चालू होते. तो सबंध हिवाळा शेजारच्या वेन्सेल कुबिकने आमच्या गायींना गवत घातले. कोणी सांगितले नव्हते. आमच्या भागात कामाची परतफेड कामानेच होते. पैसे पुढे करणे हा अपमान समजतात. वेन्सेलने त्या हिवाळ्याबद्दल कधी अवाक्षर काढले नाही, आणि नेमका त्याचाच मला संताप येई. देण्यात आणखी भर नको, म्हणून तेव्हापासून त्यांच्या घरी मी कॉफीचा दुसरा कप घेतला नव्हता.

यंदा पानगळीच्या दिवसांत वेन्सेल घोड्यावरून पडला आणि त्याचे कमरेचे हाड मोडले. मी लायलला म्हटले, "हा हिवाळा तुझा."

"होय, आई," तो म्हणाला.

ऐन थंडीत वेन्सेलचा फोन आला.

"अगाथा, तुझ्या कर्नलनं माझं पवनचक्कीच्या पाण्याकडं जायचं फाटक लावलं. गायी कालपासून तहानलेल्या आहेत. एकीनं तारेत घुसून कास फाडून घेतली. राहू दे आता. मी पगारी माणूस बघतो."

फाटक जसे सापडेल तसे सोडावे, हे इथली मुले धड चालू लागण्याआधी शिकतात. माझा मुलगा विसरला होता. पगारी माणूस आला असता, तर ते देणे माझ्यासोबत थडग्यात गेले असते.

"उघडं दिसलं, म्हणून लावलं," लायल म्हणाला.

"उघडं होतं, कारण कोणीतरी ते उघडं ठेवलं होतं. गाडी काढ. आणि आज प्रदक्षिणा नको."

कुबिकांच्या स्वयंपाकघरात लायल हातात टोपी घेऊन ताठ उभा राहिला. "फाटक मी लावलं. न विचारता. गायीला टाके घातलेत, तार ओढलीय, पाणी पाजलंय."

वेन्सेलने त्याला खालीवर न्याहाळले. "विमानातही अशीच दारं लावायचास?"

"तिथं उघडं राहिलं तर माणसं पडतात."

"इथं बंद राहिलं तर गायी मरतात."

"होय, सर."

"सर म्हणू नकोस. मी कधी भरती झालो नाही."

त्याची बायको ल्युडमिला ओट्याकडे तोंड करून हसू दाबत होती. वेन्सेल बराच वेळ काठीच्या मुठीवर बोटे वाजवत राहिला.

"उद्या लवकर ये," अखेर तो म्हणाला. "आणि ते ट्रॅक्टरभोवतीचं नाचणं घरी उरकून ये."

लायल गेला. रोज गेला, हिमवादळात ट्रॅक्टर अडला तेव्हा घोड्यावर गवत लादून गेला. फरक एवढाच पडला, की त्याच्या त्या जपात आता फाटकांचीही भर पडली. "फाटक उघडं. उघडंच सोडलं," असे तो वाऱ्याला मोठ्याने सांगे, आणि मी गाडीत बसून कपाळाला हात लावी.

टेकड्या हिरव्या झाल्या तेव्हा वेन्सेल काठी टेकत कुंपणापर्यंत आला. गायी तुकतुकीत होत्या. कास फाटलेली गाय वासराला पाजत होती.

"उद्यापासून यायचं कारण नाही, लायल," तो म्हणाला. "फिटलं."

मग आम्ही आत कॉफीला बसलो. माझा कप रिकामा झाला. ल्युडमिला सवयीने किटली माझ्यासमोरून पुढे नेत होती. मी कप सरकवला.

ती थांबली. मग तिने तो काठोकाठ भरला. वेन्सेल खिडकीबाहेर पाहत होता. अंगणात लायल आमच्या गाडीभोवती फिरत एकेक टायर लाथेने तपासत होता.

मी त्याला हाक मारली नाही. कॉफी गरम होती.