बी चांगलं होतं

वीस वर्षं मी होस्टेलच्या मेसमध्ये दोनशे पोरींचा स्वयंपाक केला. गुडघे गेले, मग नोकरी गेली, जीभ तेवढी शाबूत राहिली. तिच्याच जोरावर मी बँकेच्या बाईंना म्हटलं, "मशरूम काय घेऊन बसलात, मी घरातल्या घरात हत्ती वाढवून दाखवीन." बाई हसल्या आणि कर्ज मंजूर झालं.

कर्ज छोटंच, पण पाच बायकांच्या गटाला मिळून. पहिलीचे दोन हप्ते गेले की मगच दुसरीचा नंबर. पहिली मी, दुसरी माझी धाकटी जाऊ. आमचं घर एकच, मध्ये भिंत घालून दोन केलेलं, आणि नळाच्या पाण्यावरून झालेल्या भांडणापासून सहा वर्षं अबोला. गटाला पाचवी बाई मिळेना म्हणून तिला घेतलं, नाहीतर मी कसली घेते! तिला कोंबड्या पाळायच्या होत्या. खुराड्याच्या जाळीसाठी ती शिवणकामातून पै पै साठवत होती.

मी मागची खोली रिकामी केली, खिडकीला पोतं लावलं. शिकवणाऱ्या बाईंनी नीट सांगितलं होतं: पेंढा गरम पाण्यात बुडवा, निथळा, पूर्ण गार होऊ द्या, मग पिशवीत पेंढ्याचा थर, वर बियाचा थर. त्यातलं 'गार होऊ द्या' माझ्या कानात शिरलंच नाही. जन्मभर मी मसाला गरम भातातच कालवत आले. गार झाल्यावर काय मुरणार? हाताला चटके बसत होते तरी चाळीस पिशव्या भरल्या, गाठी मारल्या आणि दोरीला टांगल्या.

पंधरा दिवसांत पिशव्या पांढऱ्या व्हायला हव्या होत्या. त्या आधी हिरव्या झाल्या, मग काळ्या. वास असा सुटला की आमचे हे जेवणाचं ताट उचलून बाहेर पायरीवर जाऊन बसले.

घाई नडली हे मला आतून कळलं होतं. पण माझं म्हणजे पडलं तरी नाक वर. "बीच खराब निघालं," असं मी गल्लीभर सांगत सुटले. बीवाल्या बाईला चार शब्द सुनावूनही आले. माझं बुडालं ते एक वेळ सोसलं असतं, पण माझे हप्ते नाहीत म्हणजे धाकटीच्या कोंबड्याही नाहीत. तिच्या दारावरून जाताना मी मान वर करत नव्हते.

आणि एके सकाळी तीच दारात उभी. काखेत बियाच्या नव्या पिशव्या.

"जाळीचे पैसे होते," ती म्हणाली. "पेंढा भिजवा, ताई."

मी मुकाट्यानं पाणी तापवलं. पेंढा निथळून चादरीवर पसरला आणि सवयीनं हात बियाकडे गेला. तिनं माझं मनगट धरलं.

"थांबा. अजून ऊब आहे."

मग दोघी पेंढ्यात हात खुपसून बसलो. पेंढा निवत आला तशी ती म्हणाली, "त्या दिवशी तुमच्या खिडकीतून वाफ येत होती. हाक मारावीशी वाटली. पण आपण बोलत नव्हतो ना."

म्हणजे हिला पहिल्यापासून माहीत होतं. मी बियाच्या नावानं बोटं मोडत हिंडले आणि हिनं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. मी खाली वाकून पेंढा वरखाली करत राहिले.

या वेळी पिशव्या पांढऱ्याशुभ्र झाल्या, मशरूमचे घोसच्या घोस आले. खानावळवाल्यानं सगळे उचलले. दोन्ही हप्ते उशिरा का होईना, गेले.

गटाच्या बैठकीत बँकेच्या बाई म्हणाल्या, "हप्ते उशिरा का आले, त्याचं कारण कागदावर 'बी खराब' असं आहे. इथे चांगला माल मिळत नाही, जोखीम आहे, असं वरचे साहेब म्हणतात. या गटाचं पुढचं कर्ज वर्षभर थांबवायचं आहे."

धाकटी खाली बघत बसली. तिनं एक वाक्य बोलायचा अवकाश होता. ती बोलली नाही.

मी गुडघ्यांवर हात टेकून उठले. "बी चांगलं होतं," मी म्हटलं. "मी ते गरम पेंढ्यात घालून शिजवलं. वीस वर्षांची स्वयंपाकीण मी, दुसरं काय करणार? वर खोटंही बोलले. बीवाल्या बाईची आजच माफी मागते. पण बाई, माझे हप्ते हिच्या जाळीच्या पैशांतून उभे राहिलेत. हिला सगळं ठाऊक होतं आणि माझी अब्रू राहावी म्हणून ही गप्प बसली. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं हिनं केलंय. हिचं कर्ज अडवू नका, माझं नाव जामीन म्हणून लिहा."

मी बी शिजवलं म्हणून बायका पोट धरून हसल्या. बँकेच्या बाईंनाही हसू आवरेना. त्यांनी कागदावरची 'बी खराब' ही ओळ खोडली आणि कर्जाचा अर्ज धाकटीपुढे सरकवला. तिनं सही केली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "ताई, सगळ्यांसमोर एवढं सांगायची काय गरज होती?"

"सहा वर्षांत तुला एक चांगला शब्द बोलले नव्हते," मी म्हटलं. "साठले होते, सगळे बोलून टाकले."

पायऱ्या उतरताना तिनं माझा दंड धरला आणि मी धरू दिला.