पृथ्वीचा जन्म साहेबांच्या केबिनमध्ये

संग्रहालयात त्यांना सगळे ‘दगडबाई’ म्हणत, आणि तोंडावर म्हणत. बाईंनी कधी मनाला लावून घेतलं नाही. तीस वर्षं दगडांशी बोलण्यात गेल्यावर माणसांचं बोलणं लागतंय कशाला!

निवृत्तीला दोन महिने उरले तेव्हा त्यांनी एकच हट्ट धरला. तळमजल्यावरच्या शेहेचाळीस मीटर लांब बोळाच्या भिंतीवर पृथ्वीचं अख्खं वय रंगवायचं. एक मीटर म्हणजे दहा कोटी वर्षं. दारापाशी आजचा दिवस, पार दुसऱ्या टोकाला पृथ्वीचा जन्म. माणसाच्या वाट्याला आले तीन मिलिमीटर. राजे, लढाया, संचालक, सगळे त्यातच दाटीवाटीनं बसलेले. बाईंनी टेप लावून खडूनं खुणा केल्या, पेंटरनं रंग भरला. उद्घाटन शुक्रवारी ठरलं.

सोमवारी येऊन बघतात तर बोळाच्या टोकाला प्लायवुडचं पार्टिशन! संचालकसाहेबांना जुनी केबिन कोंदट वाटत होती म्हणे. रविवारी सुतार बोलावून त्यांनी सहा मीटर आत घेतले, खिडकीसकट.

“साहेब, पृथ्वीची साठ कोटी वर्षं तुमच्या केबिनमध्ये गेली!”

“कुठली? सुरुवातीचीच ना?” साहेब खुर्ची मागेपुढे करून बघत होते. “तेव्हा होतं काय? तापलेला गोळा. वय चारशे कोटी लिहा, आकडाही कसा गोल होतो.”

धन्य आहे! एका धर्मगुरूंनी पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं ठरवलं, तर बिचाऱ्यांना त्यासाठी पोथ्यांमधल्या वंशावळी बसून मोजाव्या लागल्या. एका थोर शास्त्रज्ञानं ते दोन-चार कोटींवर आणलं, तर उष्णतेची गणितं मांडून वह्या भरल्या. वय वाढवायला दगड फोडणाऱ्यांना पिढ्यानपिढ्या भांडावं लागलं. साहेबांनी एका रविवारात साठ कोटी उडवली, तीही फक्त हवेशीर बसता यावं म्हणून.

संग्रहालयाची एक रीत होती. प्रत्येक फलकाखाली ‘तपासले, बरोबर आहे’ असं लिहून जाणकारानं सही करायची. ही बाईंची शेवटची सही होती, आणि ती खोट्या आकड्याखाली जाणार होती.

“तुम्ही नाही केलीत तर मी करीन,” साहेब म्हणाले. “जाता जाता वाकडेपणा कशाला, बाई?”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी नवऱ्यानं समजूत घातली, “करून टाक ना सही. कोण मोजायला बसलंय?”

“कोणी मोजत नाही म्हणूनच मी मोजलं ना!” बाई म्हणाल्या आणि जेवण अर्धवट टाकून उठल्या.

शुक्रवारी साहेबांनी ऐटीत पडदा ओढला. पार्टिशनला लागूनच्या फलकावर लिहिलं होतं, ‘पृथ्वीचे वय ४६० कोटी वर्षे. पुढची ६० कोटी संचालकांच्या केबिनमध्ये आहेत. दार वाजवावे.’ खाली बाईंची सही. पाहुण्यांनी हसून टाळ्या वाजवल्या. साहेबांनाही दात दाखवणं भाग पडलं.

शनिवारपासून दार वाजायला लागलं. साहेब आतून “मीटिंग चालू आहे” म्हणून ओरडायचे. आत त्यांच्याशिवाय चिटपाखरू नसायचं.

मंगळवारी एक म्हातारा पाथरवट आला. शेहेचाळीसही मीटर चालायचे असं ठरवूनच आलेला. त्यानं असं दार वाजवलं की बाई वरच्या मजल्यावरून धावत आल्या. साहेबांनी दार किलकिलं केलं.

“साहेब, जन्मभर दगड फोडले. सगळ्यात जुना कुठला ते बघायचंय.”

“पार्टिशनच्या आत जेमतेम फूटभरावर रंगवलाय, बाबा,” बाई म्हणाल्या आणि त्याला घेऊन सरळ आत शिरल्या.

आतली भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत क्रीम रंगाची होती. साहेबांनी उद्घाटनाआधीच सगळ्यावर रंग फासला होता. आत न डोकावताच त्यांनी ‘तपासले’ म्हणून सही ठोकली होती!

“इथे कुठे काय आहे?” साहेब म्हणाले. “बघा बाबा, बाईंनीच सही करून लोकांना फसवलंय.”

शरमेनं बाईंचे कान तापले. पण आता गप्प बसलं तर ती साठ कोटी वर्षं कायमची गेली, हेही त्यांना लख्ख कळलं. त्यांनी पर्समधून किल्ली काढली, पार्टिशनपासून वीतभर पुढे मोजलं, मग आणखी थोडं, आणि खरवडायला लागल्या. किल्ली सारखी घसरत होती. म्हाताऱ्यानं क्षणभर बघितलं.

“सरका बाई, हे काम माझं,” असं म्हणून त्यानं किल्ली हातात घेतली. क्रीम रंगाची सालपटं साहेबांच्या टेबलावर पडायला लागली, आणि आतून रंगवलेला करडा दगड दिसू लागला.

“अहो, आठवडा नाही झाला रंग देऊन!” साहेब किंचाळले.

“म्हणून तर निघतोय,” म्हातारा म्हणाला आणि खरवडत राहिला.