कस्तुराच्या बाळाचे कान

मृदुलाला ऐकू येत नाही, हे कळायला चारुलताला तीन वर्षं लागली. सासूबाईंपासून दवाखान्यातल्या डॉक्टरांपर्यंत सगळे म्हणत राहिले, "काही मुलं उशिरा बोलतात." शेवटी पुण्याच्या कानाच्या डॉक्टरांनी विचारलं, "ही पोटात असताना तुमच्या अंगावर बारीक पुरळ उठलं होतं का?"

उठलं होतं. दोन-तीन दिवसांत मावळलंही होतं. ती विसरूनच गेली होती.

"जर्मन गोवर," डॉक्टर म्हणाले. "आईला फारसं काही होत नाही. पोटातल्या बाळाचे कान जाऊ शकतात."

तेव्हापासून दर गुरुवारी पिंपरीहून पुण्याला बस. मुलीच्या छातीवर ऐकायच्या यंत्राची पेटी, कानात वायर, आणि आरशासमोर बसून प, ब, म. नवरा मधुसूदन कंपनीत हिशेबनीस. तो संध्याकाळी घरी यायचा तेव्हा चारुलता ताट वाढून तिथेच भिंतीला टेकायची आणि डोळे मिटायची.

शेजारच्या खोलीत कस्तुरा राहायची. तिचा नवरा कोंडीराम लेथवर कामाला होता. १९७६च्या उन्हाळ्यात कस्तुराला तिसरा महिना असताना तिच्या मानेवर पुरळ दिसलं.

"घामोळं हाय, वैनी," ती म्हणाली.

चारुलताला आपलं पुरळ आठवलं. पण गरोदर बाईला काय सांगायचं? आणि सांगून तिने करायचं तरी काय? तिने नळाच्या पाण्याचा विषय काढला.

बाळंतपणाला कस्तुरा माहेरी महाळुंग्याला गेली आणि मुलगा घेऊन परतली. त्याचं नाव सोनबा. चारुलता बघायला गेली तेव्हा तो पाळण्यात झोपला होता. तिने मांडणीतलं पातेलं काढलं आणि पाळण्यामागे फरशीवर सोडून दिलं. कस्तुरा दचकून उभी राहिली. बाळाची पापणीही हलली नाही.

"आवं वैनी, काय करताय ह्ये?"

"कस्तुरा, याला पुण्याला दाखवू या. तुला ते पुरळ आलं होतं ना, माझ्यासारखंच..."

"गाढ झोपलाय त्यो! तुमच्या पोरीला ऐकू येत न्हाई, म्हून माझ्या लेकराला बी बहिरं ठरवताय व्हय?"

चारुलता घरी आली. भांडायचं त्राणच नव्हतं. मधुसूदन म्हणाला, "तू कशाला मधे पडलीस?"

नळावर कस्तुरा तोंड फिरवू लागली. काही महिन्यांनी मात्र दुपारी भिंतीपलीकडून आवाज यायला लागले. आधी टाळ्या. मग खुळखुळा. मग "सोन्या, आरं सोन्या." चारुलता पडल्या पडल्या ऐकायची. हे सगळं तिनेही केलं होतं.

एक दिवस कस्तुरा दारात उभी राहिली. कडेवर सोनबा.

"गुरुवारी तुमच्यासंग येऊ का?"

आपण चुकलो असतो तर बरं झालं असतं, असं चारुलताला वाटलं. ती एवढंच म्हणाली, "सातच्या बसला. दुपटी जास्तीची घे, तिथे फार वेळ बसावं लागतं."

डॉक्टरांनी बाळाच्या मागे उभं राहून घंटा वाजवली, ढोलकं वाजवलं, पुन्हा पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "डाव्या कानाला थोडं ऐकू येतंय. फार लवकर आणलंत, बाई. एवढी लहान मुलं आमच्याकडे येतच नाहीत. आतापासून यंत्र लावलं तर बोलायला बरंच शिकेल."

चारुलताने बाकावर बसलेल्या मृदुलाकडे पाहिलं. तिला कस्तुराचा हेवा वाटला.

परतीच्या बसमध्ये कस्तुरा रडली. दापोडी गेल्यावर पदराने तोंड पुसून तिने विचारलं, "दमत न्हाई का तुमी, वैनी?"

"दमते की."

"मग कसं करता?"

"काय करणार? गुरुवार आला की निघते."

बस पुढच्या थांब्याला लागली. मग कस्तुरा म्हणाली, "मला रस्ता कळू द्या. मग एका गुरुवारी तुमी ऱ्हावा घरी. दोगांस्नी म्या नेते."

महिनाभराने तिने खरंच नेलं. मृदुला तिचं बोट धरून मागे न बघता गेली. चारुलता दारात थोडी उभी राहिली, मग आत येऊन आडवी झाली, आणि तिघं परत येईपर्यंत झोपली.