पाणी भरलेला शंख

सुभद्रेच्या शंखाविषयी लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कोणी विषय काढला की चष्मा पुसत राहिलो.

कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात ती माशांची पाटी घेऊन आमच्या पाणंदीत शिरायची. आधी मिठाचा ओला वास यायचा, मग काकणांचा आवाज, मग ती. धुक्यात होडी सापडली की तिचे वडील जो शंख फुंकत, तो त्यांच्यामागे तिच्याकडे आला होता. ती त्यात ओंजळभर पाणी ओतून फुंकी. देवळातल्यासारखा गंभीर नाद उठे आणि मध्येच गटांगळ्या खात, गुडगुडत तळाला जाई. कोणाचा तरी ताठा बुडावा तसा.

गावातल्या हौशी मंडळींनी सीडीवर एक विनोदी चित्रपट काढला, तेव्हा संवाद मी लिहिले. मराठीचा निवृत्त मास्तर असताना दुसरं कोण लिहिणार? बढाईखोर सरपंचाचं दीड पानी भाषण मी पंधरा दिवस घासलं होतं. मंडळींनी ते दुसऱ्याच वाक्यावर तोडलं आणि तिथे सुभद्रेचा शंख लावला.

"गुरुजी, तुमच्या सरपंचाचा भाषाण मिया एका फुंकरीत बुडयलंय," पाटी उतरवताना ती म्हणाली आणि डोळ्यांच्या कडांपर्यंत हसली. मीही हसलो. आत मात्र काहीतरी खारट साचलं.

ब्लूटूथने गाणी पाठवायचे ते दिवस. चित्रपट महिन्याभरात लोक विसरले. शंखाचा तेवढा तुकडा मोबाइलातून मोबाइलात गेला. लिलावात कोणी भाव फुगवला की तो वाजे. कुणकेश्वरच्या जत्रेत, दर्शनाच्या रांगेतही वाजला. माझी वाक्यं कोणाच्या ओठांवर नव्हती. वाचनालयात मी माझ्या लेखनाविषयी बोलायला उभा राहिलो, तर मागच्या बाकावर कोणाच्या तरी खिशात तो गुडगुडला. सभागृह हसलं.

त्या रात्री मी पुष्कळ विचार केला. शब्द आपल्या धन्याचं नाव सांगत फिरतो. तो उसना घ्यायचा तर धन्यासमोर थोडं वाकावं लागतं. तिचा आवाज कोणाचंच नाव सांगत नव्हता. ज्याला जो ताठा बुडवायचा असेल, त्यावर तो बसे. म्हणूनच तो सगळ्यांचा झाला होता. हे कळलं, तरी मत्सर निवला नाही.

मग फोंडाघाटाकडून एक वार्ताहर आला. मी चित्रपटाचा लेखक, म्हणून तो माझ्याच ओसरीवर बसला. "हा आवाज कोणी काढला?" त्याने विचारलं. अंगणात सुभद्रा माझ्या पत्नीला बांगडे निवडून देत होती.

"कोणी नाही," मी म्हणालो. "संगणकात असे आवाज तयार मिळतात."

बांगड्यावरचा तिचा हात थांबला. वार्ताहराने तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती बोलेल.

"यंत्राचोच असतलो," ती म्हणाली. "गुरुजी शिकलेले. त्यांका ठावक." पाटीवर तिने फडकं ओढलं. उन्हात तिची सावली पाणंदीपर्यंत गेली आणि वळली.

ते छापून आलं. पुढे तालुक्याच्या बाजारात तिने गिऱ्हाइकांना हसवायला शंख फुंकला, तेव्हा मी तिथेच होतो. कोणीतरी ओरडलं, "अगो, डिट्टो मोबाइलासारखो काढतंस गो! यंत्राकडसून शिकलंस काय?"

तिने शंख उपडा केला. पाणी पायांवर सांडलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, एवढी दया तिने केली. त्यानंतर शंख वाजला नाही.

तिला दमा लागला, तेव्हा मी दोनदा तिच्या दारात गेलो. खिडकीत शंख पालथा होता. "बसा, गुरुजी," ती म्हणे. मी औषधांची चौकशी करी, पावसाचं बोले, आणि उठे. तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

आता नव्या फोनांत तो आवाज नाही. काळ लिहिणाऱ्याला खाडाखोडीची सवड देतो. ऐकणाऱ्यालाही तेवढा वेळ मिळेल, असं मी धरून चाललो होतो. एकच वाक्य होतं, दीड पानही नव्हतं: सुभद्रा, तो आवाज तुझा होता, आणि मला ते ठाऊक होतं. मी ते घासत बसलो.