छातीतली जळजळ

राबिया लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या घरचं दुखणंखुपणं चिखलीच्या हिंमतराव डॉक्टरांकडेच जायचं. नाडी धरून ते आधी इकडचं तिकडचं विचारत. सासू जेवते का, म्हैस आटली का. त्या गप्पांत माणसाच्या पोटातलं कधी ओठावर येई, त्यालाच कळत नसे.

यंदा त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर आला होता. बाहेर बाकावर गर्दी मावत नव्हती, आणि आत डॉक्टर पडद्याकडे बघत दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत होते.

राबियाच्या उजव्या स्तनात बोराएवढी गाठ लागली होती. नवऱ्याला, मतीनला, तिनं सांगितलं नव्हतं. सून गौसियालाही नाही. सांगायचं तर डॉक्टरांनाच, असं ठरवून ती जीपनं आली होती.

"झोप?"

"येते."

"भूक?"

"लागते, डॉक्टरसाहेब."

"अजून काही?"

तिनं पदर घट्ट धरला. "ते... इथं, छातीपाशी..."

"जळजळ?" मान वर न करता त्यांनी विचारलं. बोट बटणावर थांबलेलंच होतं.

एकदा त्यांनी बघितलं असतं, तर तिनं हात कुठं ठेवलाय ते दिसलं असतं. पण बाहेरून कुणीतरी खोकलं, दार किलकिलं झालं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "हाव."

पुढच्या खेपेला पडद्यावर वाचूनच त्यांनी विचारलं, "जळजळ कशी आहे?" त्याच गोळ्या पुन्हा मिळाल्या. राबिया त्या नेमानं घेत राहिली. डॉक्टरांनी दिल्यात, तर कशाला ना कशाला लागू पडतील, असं तिला वाटे.

उन्हाळ्यात धुण्यात तिच्या झंपरावर रक्ताचा डाग दिसला आणि गौसियानं हंबरडा फोडला. मतीन राबियाला अकोल्याला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईनं बराच वेळ तपासलं आणि मतीनला बाहेर नेऊन सांगितलं, आता उशीर झाला, यकृतापर्यंत गेलंय.

हिंमतराव घरी आले. खाटेजवळ बसून त्यांनी तिची नाडी धरली.

"राबियाबी, मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगून राह्यले होते," ती म्हणाली. "तुम्ही लिहून राह्यले होते."

डॉक्टरांनी मनगट सोडलं नाही. राबियाला त्यांचा राग आला नाही. राग यायलाही अंगात काही उरावं लागतं. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि दुखणं थांबायचं इंजेक्शन मागितलं.