रुळाची खुंटी

मित्रांनो, मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. गोड बोलण्याची अपेक्षा माझ्याकडून ठेवू नका. माझा जन्म भट्टीतला आहे आणि आज माझं डोकं त्या भट्टीसारखंच तापलं आहे.

खडकीजवळच्या लोहमार्गावर मी पुष्कळ वर्षं गाड्या सोसल्या. झिजलो तेव्हा कापून मला भंगारात टाकलं. तिथून गेनबा नावाच्या हमालाने मला मार्केट यार्डात आणलं आणि कांद्याच्या शेडमध्ये दोन साखळ्यांनी आडवं टांगलं. गेनबा तेव्हा टोळीचा मुकादम होता. त्याने नियम घातला की माझ्यावर हातोडी मारायची ती मुकादमानेच. टोले सावकाश पडले की हातातलं काम संपवून बैठकीला जमायचं. लागोपाठ पडले की धोका आहे. पाठीवरचं पोतं असेल तिथे टाकून बाहेर पळायचं.

टेम्पोचे हॉर्न आणि लिलावाची ओरड यांतून माझा आवाज आरपार जायचा. बैठकीत सगळे गोल बसायचे, कडकडून भांडायचे आणि एकमेकांची तोंडं बघून काय ते ठरवायचे. टोळीला माझं कौतुक होतं. दसऱ्याला झेंडूची माळ आधी मला, मग तराजूला.

पुढे गेनबा गावी गेला, महिपती मुकादम झाला आणि मोबाईलवर टोळीचा ग्रुप निघाला. माझा राग ग्रुपवर नाही. सुट्टी कधी, गाडी केव्हा येणार, हे कळवायला तो उत्तमच. पण महिपतीला वाटलं, आता सगळंच त्यावर भागेल. बैठका बंद पडल्या. ज्या गोष्टींवर तासभर वाद व्हायचा, त्या अंगठ्याच्या चित्रावर मिटू लागल्या. म्हणजे मिटल्या असं महिपतीला वाटू लागलं. हातोडी बाकाखाली गंजत पडली. आणि मी? हमाल कामाला लागताना सदरे काढून ठेवतात, ते माझ्यावर टांगू लागले. रुळाची खुंटी केली शहाण्यांनी.

गेल्या महिन्यात वेणूबाई शेडमध्ये कांदा निवडत होती. तिचा नवरा उत्तरेश्वर याच टोळीत, दोघं धाराशिवकडची. पोत्यांची उंच थप्पी एका बाजूला कलल्याचं तिला दिसलं. थप्पीखाली माणसं पोती वाहत होती. तिने हाका मारल्या, त्या गोंगाटात विरून गेल्या. मग ती धावत महिपतीकडे गेली. तो माझ्यापासून चार पावलांवर चहा घेत उभा होता. त्याने मोबाईल काढला आणि 'थप्पीपासून बाजूला व्हा' असं ग्रुपवर टाकलं.

सगळे मोबाईल माझ्या अंगावर वाजले. एकेका सदऱ्याच्या खिशात टिंग, टिंग. इशारा अगदी वेळेवर पोचला, मित्रांनो, पण फक्त मला. आणि कोणी मारल्याशिवाय मला ओरडता येत नाही. समोर उत्तरेश्वर पोतं घेऊन थप्पीकडे वळला. वेणूबाई त्याच्याकडे धावली, पण ती पोचायच्या आत थप्पी कोसळली. बाकीचे थोडक्यात वाचले. उत्तरेश्वरचा पाय गुडघ्याखाली चेचला. आता त्याला पुन्हा ओझं उचलता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी महिपती ज्याला त्याला सांगत होता, "म्या तर लगेच ग्रुपवर टाकलं हुतं." ते ऐकून माझ्या अंगाची नुसती लाही झाली.

तेवढ्यात वेणूबाई दवाखान्यातून आली. तिने माझ्यावरचे सदरे ओढून जमिनीवर फेकले, बाकाखालची हातोडी काढली आणि लागोपाठ टोले दिले. मुकादमाचा मान वगैरे तिने विचारात घेतला नाही. पोती जागच्या जागी पडली आणि सगळी माणसं बाहेर धावली. कोणालाच दोनदा सांगावं लागलं नाही. मग ती महिपतीला म्हणाली, "मुकादम, तुमचं सांगणं खिशात ऱ्हायलं. माणसं थप्पीखाली व्हती."

महिपतीने मान खाली घातली. घालायलाच हवी होती.

मित्रांनो, चारचौघांना काही सांगायचं असेल तर आधी त्यांचे हात बघा. रिकामे असतील तर खुशाल मोबाईलवर लिहा. हातांत ओझं असेल तर उठा, चार पावलं चाला आणि त्यांना ऐकू जाईल असं सांगा. पाठवलं म्हणजे पोचलं, असं समजून चहा पीत उभे राहू नका.

हातोडी आता माझ्या साखळीलाच बांधली आहे. तरी आज सकाळी कोणीतरी पुन्हा एक सदरा माझ्यावर टांगून गेलं आहे. खिशात मोबाईल वाजतो आहे. कोणाचा असेल त्याने तो आधी काढा.