गळ्याच्या खळीपासून घोट्यापर्यंत

मनुष्याकृतीच्या परीक्षेत मनुष्याकडे पाहण्याची सक्ती नव्हती. चित्रकला संस्थेच्या भिंतीवर, डोक्याच्या बरोबर आठपट उंचीचा एक आदर्श पुरुष चौकटीत सरळ उभा होता. समोर ओट्यावर उभ्या केलेल्या हाडामांसाच्या माणसाला त्याच्या जितके जवळ नेऊन बसवावे तितके गुण अधिक, असा तिथला शास्त्रशुद्ध व्यवहार होता. या व्यवहारात मावशी दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा नापास होणाऱ्याचे नाव पटावरून कायमचे कमी होई, आणि आज तिची तिसरी वेळ होती.

मावशी हे नाव वर्गाने तिच्या वयाकडे पाहून बहाल केलेले. वीस वर्षे तिने लोकांचे कपडे शिवले. दोन्ही खांदे एका रेषेत असलेले एकही गिऱ्हाईक तिने पाहिले नव्हते, आणि नेमके तेच तिने कागदावर मांडले. विभागप्रमुख असलेल्या सरांनी दोन्ही वेळा लाल पेन्सिलीने एकच शेरा मारला : ‘खांदे वाकडे.’ मग वर्षभर तिने आरशासमोर स्वतःची शे-दीडशे चित्रे काढून एकच गोष्ट घोटली. वाचनालयात धूळ खात पडलेल्या एका पुस्तकात ती तिला सापडली होती : माणूस एका पायावर भार देऊन उभा राहिला की गळ्याची खळी त्याच पायाच्या घोट्याच्या बरोबर सरळ रेषेत वर येते. ते पडताळायला ती शिवणयंत्राचा एक जाड स्क्रू दोऱ्याला बांधून गवंड्याच्या ओळंब्यासारखा डोळ्यांसमोर धरी. तिच्या मते त्या संपूर्ण इमारतीत खरे बोलणारा तेवढा एकच होता.

तीन तासांच्या पेपरातला पहिला तास सुरळीत गेला. ओट्यावर अण्णा होते. बावीस वर्षे उभे राहण्याचीच नोकरी केलेले. भार डाव्या पायावर, उजवा सैल, पावलांभोवती खडूच्या खुणा. विद्यार्थ्यांना नियम दोन : बोलायचे नाही आणि जागा सोडायची नाही. जागा सोडली की पेपर संपला. यंदा सरांनी मधली विश्रांतीही रद्द केली होती. मॉडेल हलले की एकाग्रता भंगते, असे त्यांचे संशोधन होते. ते त्यांनी खुर्चीत बसून केले होते.

दुसऱ्या तासाच्या मध्यावर दोरा घोट्याबाहेर बोटभर पडला. आपलेच चुकले, असे समजून मावशीने पाय खोडला आणि पुन्हा काढला. थोड्या वेळाने दोरा दोन बोटे बाहेर होता. तिने पुन्हा खोडले.

“मावशी, कागदाला भोक पाडाल,” शेजारच्या ईझलवर कागद लावून चित्र काढणारी मुलगी पुटपुटली.

“अण्णा सरकलेत का गं?”

“अण्णा? एक वेळ भिंत सरकेल!”

“बोलणं बंद,” सर म्हणाले. “हा शिवणक्लास नाही.” वर्ग शिस्तीत हसला.

मावशीने तिसऱ्यांदा दोरा धरला, पण या वेळी कागदाकडे पाहिलेच नाही. अण्णांच्या डाव्या गुडघ्याची वाटी वर खेचली गेली होती. पाऊल जांभळे, ओठ पांढरे. पहिल्या वर्षी अण्णांनीच तिला सांगितले होते, “गुडघा कधी ताठ करायचा नाही. ताठ केला की माणूस दिवा गेल्यासारखा पडतो.” ओट्याची कड त्यांच्यापासून हातभर होती, आणि कडेखाली दिव्याचा लोखंडी स्टँड.

तिने वर्गावर नजर टाकली. अकरा कागदांवर अकरा पुरुष ताठ उभे होते. आपला अंदाज चुकला तर आजपासून आपण इथल्या कुणी नाही, हे तिला स्वच्छ कळत होते. दोरा अजून अर्धे बोट सरकला.

“अण्णा, बसा!” ती ओरडली आणि धावली.

अण्णा बसले नाहीत, कोसळले. पण लोखंडावर नव्हे, तिच्या खांद्यावर. दोघेही जमिनीवर आले.

“पोझ मोडली का?” डोळे उघडताच त्यांनी विचारले.

“मोडली.”

“सर काय म्हणतील आता?”

सर म्हणाले, “लागलं नाही ना? उत्तम.” अण्णांना भिंतीकडच्या बाकावर हलवण्यात आले. मग सर मावशीच्या ईझलपाशी थांबले. “नियमानं तुमचा पेपर संपलाय. पण मी काही राक्षस नाही. प्लास्टरचा पुतळा मागवलाय, बाकीचे त्यावरून पूर्ण करतील. तुम्हीही करा. खांदे सरळ करा, पाय त्याचे घ्या. पास व्हाल.”

“आणि अण्णांचे पाय?”

“ते कुणाला हवेत?”

पुतळा आला. अकरा जणांना फारशी खाडाखोड करावी लागली नाही. मावशीच्या कागदावर मात्र पुसलेले दोन डावे पाय होते, दुसरा पहिल्याहून कललेला. तिने पुतळ्याकडे पाठ केली आणि तिसरा काढला : वर खेचलेली वाटी, काळवंडलेले पाऊल, घोट्यापासून अडीच बोटे सुटलेली खळी. खांद्यांना हात लावला नाही. कोपऱ्यात क्रमांक घालून तिने कागद सरांच्या टेबलावर ठेवला, तेव्हा अजून चाळीस मिनिटे बाकी होती.

“नीट विचार केलात?”

“मोजून.”

लाल पेन्सील उचलली गेल्याचे तिने पाहिले. शेरा वाचायला ती थांबली नाही. बाकावर अण्णा पेल्यातले पाणी संपवत होते. तिने त्यांच्या काखेत हात घातला.

“चला, घरी सोडते. आणि गुडघा सैल ठेवा.”